राज्याभिषेक राजा घडवतो का?



आपल्याकडील सुपे आणि इंदापूर हे परगणे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्या पुत्राने पुढे स्वतंत्र राज्य उभे केले. गड होते, फौज होती, खजिना होता. मग ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक कशासाठी करवून घेतला?

बळ वेगळे आणि अधिकार वेगळा, म्हणून. तोवर विजापूर व मोगल दरबारांच्या लेखी ते जहागीरदाराचे बंडखोर पुत्र होते. अभिषेकाने ते छत्रपती झाले, नवा राजशक सुरू झाला. मात्र त्याआधी त्यांचे कुळ विचारले गेले. गागाभट्टांनी क्षत्रियत्वाचा निर्वाळा दिला, तेव्हा वाट मोकळी झाली. रयतेचे रक्षण करणाऱ्याकडे जन्माचा दाखला मागणे न्यायाला धरून नव्हते, असे आम्हांस वाटते.

मग अशा सोहळ्यात खरे मोल कशाचे? इंग्लंडचे तिसरे चार्ल्स ८ सप्टेंबर २०२२ रोजी, आई वारताच राजे झाले. मुकुट चढला ६ मे २०२३ रोजी. आठवे एडवर्ड तर १९३६ साली मुकुटाविनाच राजे होते. म्हणजे मुकुट राजा घडवत नाही. मुकुटापूर्वी राजा शपथ घेतो, कायद्याने व न्यायाने राज्य करण्याची. सोहळ्याचा गाभा तोच.

पवित्र शास्त्रातही हाच क्रम आहे. हेब्रोन येथे दावीदाने वडीलजनांशी आधी करार केला आणि मग त्याला अभिषेक झाला (२ शमुवेल ५:३).

आपल्या संविधानाने मुकुट ठेवला नाही, शपथ ठेवली. कलम ६० नुसार राष्ट्रपती सरन्यायाधीशांसमोर संविधानाचे रक्षण आणि जनतेची सेवा करण्याची शपथ घेतात. त्याशिवाय पदभार नाही. तिथे कुळ विचारले जात नाही.

कोणी म्हणेल, शपथा मोडल्या जातातच, मग उपयोग काय? पण चारचौघांत दिलेला शब्द मोडला, तर तो मोडला असे म्हणण्याचा हक्क ऐकणाऱ्यांना मिळतो. मुकाट्याने बळकावलेल्या सत्तेला असा जाब विचारता येत नाही. म्हणून शपथ जशी घेणाऱ्याला बांधते, तशी ऐकणाऱ्यालाही बांधते. आपण साक्षीदार आहोत. सोहळा संपल्यावर टाळ्या विसराव्यात, शब्द विसरू नये.