पटावर न मांडलेली माणसे

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा आधार, त्यावर पोत्याचे तुकडे, वर चिखलाचा गिलावा आणि उतारावर पेरलेले आळीव नाहीतर मोहरी. शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मावळे, दरवाजाशी एखादी तोफ. पिढ्यान् पिढ्या हे आपण इतक्या सहजपणे करीत आलो आहोत, की लढाई लहान करून खेळायला मांडण्यात काही नैतिक प्रश्न असू शकेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही.

ही शंका मला विचारली ती आमच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या आणि आता इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका विद्यार्थ्याने. तिकडे प्रौढ माणसांचा एक छंद आहे. मोठ्या टेबलावर डोंगर, नद्या, गावे उभारायची, बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवून त्यांवर मांडायचे आणि फासे टाकून, फूटपट्टीने अंतरे मोजून इतिहासातली एखादी लढाई पुन्हा लढायची. या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी १८९७ सालची तिराहची मोहीम निवडली होती. त्यासाठी दोन वर्षे तो रेजिमेंटांचे इतिहास, नकाशे आणि सेनाधिकाऱ्यांच्या आठवणी वाचत होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, "सर, जितके जास्त वाचतो तितके टेबलावर मांडणे अवघड वाटू लागले आहे. हा खेळ खेळणे बरोबर की चूक, ते तुम्हीच सांगा." प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. इतिहास वाचणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपणा सर्वांनाच तो लागू आहे, म्हणून येथे त्याचा विचार करावासा वाटतो.

या खेळाची वंशावळ जुनी आहे. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्याच्या नावातच सैन्याची चार अंगे आहेत. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळायचा युद्धखेळ तयार केला आणि तेथील सैन्याने तो शिक्षणासाठी स्वीकारला. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून तोच खेळ घराघरांतल्या जमिनीवर आणला. वेल्स युद्धाचा पुरस्कर्ता नव्हता. खेळण्यातले युद्ध करून पाहिले म्हणजे खरे युद्ध केवढी ढोबळ आणि मूर्खपणाची गोष्ट आहे हे उमजते, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. तेव्हा या खेळाने माणूस शहाणा होतोच, असे म्हणण्याची सोय उरली नाही. वसाहतींतल्या युद्धांसाठी १९७९ साली लॅरी ब्रॉम या अमेरिकन गृहस्थाने केलेली नियमावली आजही लोकप्रिय आहे. तीत पत्त्यांचा जोड पिसून ठेवतात. लाल पत्ता निघाला की साम्राज्याच्या सैन्याची पाळी, काळा निघाला की स्थानिकांची. पाळ्या अशा समसमान वाटल्या जातात. प्रत्यक्षात तशा त्या कधीच वाटल्या गेल्या नव्हत्या.

आता त्या मोहिमेकडे वळू. १८९३ साली सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी अफगाणिस्तानच्या अमिराशी करार केला आणि हिंदुस्थान व अफगाणिस्तान यांच्यामध्ये एक रेघ ओढली गेली. एकच भाषा बोलणाऱ्या, एकमेकांत सोयरिकी असणाऱ्या पठाण टोळ्या रेघेच्या दोन बाजूंना विभागल्या गेल्या. रेघेमागोमाग रस्ते आले, चौक्या आल्या. कागदावरची रेघ माणसांच्या घरादारांतून कशी जाते, हे सीमाभागातल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. १८९७ च्या उन्हाळ्यात हा असंतोष भडकला. २६ जुलैच्या रात्री मलाकंदच्या छावणीवर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये आफ्रिदींनी खैबर खिंडीतली ठाणी घेतली. १२ सप्टेंबरला सारागढीची चौकी पडली आणि ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान शेवटच्या माणसापर्यंत लढून मेले. मग ऑक्टोबरमध्ये जनरल लॉकहार्ट यांच्या हाताखाली सुमारे ३५ हजार सैन्य आफ्रिदी आणि ओरकझाई यांच्या तिराह प्रदेशात शिरले.

या तारखांशेजारी आपल्याकडच्या तारखा ठेवून पाहाव्यात. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. मलाकंदवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. सारागढीनंतर दोनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा सुनावण्यात आली. सरकार तेच होते. आपण मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून शिकतो आणि शिकवतो.

प्रथम या खेळाच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण त्याचा एक गुण मोठा आहे. टेबलावर कोणाला तरी आफ्रिदींच्या बाजूने बसावे लागते. पुस्तक वाचताना आपण लेखकाच्या खांद्यावरून पाहतो, आणि या मोहिमेवर लिहिणारे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी होते किंवा त्यांच्याबरोबरचे वार्ताहर. आफ्रिदीच्या खुर्चीत बसलेल्याला दुसऱ्या बाजूने विचार करावाच लागतो. माझ्याजवळ तोफा नाहीत, माणसे मोजकी आहेत, डोंगर मात्र माझा आहे. मग मी समोरासमोर का लढेन? मी पिछाडीवर तुटून पडेन, रात्री छावणीवर गोळ्या झाडीन, सैन्य मागे फिरू लागले की खरा हल्ला चढवीन. आफ्रिदींनी नेमके हेच केले. पुस्तकांत ज्याला दगाबाजी म्हटले आहे ते खुर्ची बदलताच रणनीती ठरते, आणि ज्याला आक्रमण म्हटले आहे ते घराचे रक्षण ठरते. विद्यार्थ्याला इतिहास शिकवताना वर्षभरात जे साधत नाही, ते अशा एका संध्याकाळी साधू शकते.

पण अभ्यास प्रामाणिकपणे पुढे नेला की पहिली अडचण येते ती मोजदादीची. खेळाला आकडे लागतात. या बाजूला किती, त्या बाजूला किती? ब्रिटिश बाजूचे आकडे माणसागणिक मिळतात. २० ऑक्टोबरला दर्गाईची टेकडी घेताना सुमारे दोनशे माणसे मेली वा जखमी झाली. दोन्ही पायांना गोळ्या लागूनही बसून पाइप वाजवत राहिलेल्या फिंडलेटरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सगळे लिहून ठेवलेले आहे. समोरच्या बाजूला मात्र 'हजारो' एवढाच शब्द भेटतो. मेलेल्यांची मोजणी अंदाजाने, नावे जवळजवळ नाहीतच. मलाकंदच्या उठावाच्या पुढाऱ्याला इंग्रजांनी 'वेडा फकीर' ठरवले. त्याचे लोक त्याला सरतोर फकीर, म्हणजे उघड्या डोक्याचा फकीर, म्हणत. माणसाला वेडा म्हटले की त्याच्या तक्रारीला उत्तर देण्याची गरज उरत नाही.

ब्रिटिश बाजूचीही सगळी माणसे मोजली गेली असे नाही. लॉकहार्टच्या सैन्याबरोबर जवळजवळ वीस हजार बिनलढाऊ माणसे होती. खेचरे हाकणारे, डोल्या वाहणारे, पाणी भरणारे भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले. सैन्य त्यांच्या पाठीवर चालत होते. थंडी आणि गोळ्या त्यांच्याही वाट्याला आल्या. टेबलावर मात्र त्यांना जागा नसते, फार तर शोभेसाठी एखादे खेचर. सारागढीच्या एकवीस वीरांबरोबर एक बिनलढाऊ नोकरही होता. एकवीस जणांना मरणोत्तर 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाले आणि त्यांची स्मारके झाली. बाविसावा गणतीत आला नाही. त्या एकवीस जणांचे शौर्य खरे आहे, ते कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आसपासच्या अनेक घरांत जुनी लष्करी पदके जपून ठेवलेली आहेत. परक्या सरकारच्या आज्ञेवरूनही माणूस आपल्या शब्दासाठी, आपल्या सोबत्यांसाठी निष्ठेने मरू शकतो, हे या घरांना माहीत आहे. मात्र त्याच्या शौर्याला सलाम करताना तो कोणाच्या दारात उभा होता हे विसरून चालत नाही. आणखी एक गुंता असा, की लंडी कोतलचे ठाणे राखणाऱ्यांतही आफ्रिदी होते. त्यांच्यासाठी लाल पत्ता काढायचा की काळा?

दुसरी अडचण याहून कठीण आहे. प्रत्येक खेळाला जिंकण्याचा नियम लागतो. तिराहमध्ये जिंकणे म्हणजे काय होते? खिंडी ऑक्टोबरअखेर काबीज झाल्या, सैन्य तिराहच्या मैदानात उतरले, आणि तरीही आफ्रिदी शरण येईनात. मग नोव्हेंबरात, हिवाळा तोंडावर असताना, गावे जाळण्यात आली, धान्याचे साठे नेण्यात वा नष्ट करण्यात आले. अशा लढायांवर १८९६ साली पाठ्यपुस्तकवजा ग्रंथ लिहिणाऱ्या कॅलवेल या अधिकाऱ्याने तर शत्रू समोर येत नसेल तर त्याची गुरे, पिके आणि गावे हेच लक्ष्य करावे हे शास्त्र म्हणून मांडले होते. त्याच वर्षी उत्तरेकडे मामुंद खोऱ्यात तेवीस वर्षेही पुरी न झालेले विन्स्टन चर्चिल हजर होते. घरे पाडली, विहिरी बुजवल्या, सावली देणारी मोठी झाडे तोडली, पिके जाळली, हे त्यांनी १९३० च्या आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. तिराहमध्ये वापरलेली दमदम गोळी शरीरात शिरल्यावर पसरत असे. अशा गोळ्यांना १८९९ च्या हेग परिषदेने मनाई केली.

तेव्हा खरा नियम करायचा तर तो असा करावा लागेल: अमुक घरे जाळली की एक गुण, विहीर बुजवली की दोन, दमदम गोळीसाठी फाशावर एक दान अधिक. असा नियम कोणी करीत नाही, करवतही नाही. मग खिंडीची लढाई तेवढी घेतली जाते. तीत दोन्हीकडे बंदुका असतात, दोन्हीकडे शौर्य असते, आणि एक संध्याकाळ चुरशीची जाते. पण त्यामुळे जे खरे युद्ध होते ते वगळले जाते आणि त्याची प्रस्तावना तेवढी उरते. नियम खरा केला तर खेळ हिडीस होतो, आणि खेळ चांगला ठेवला तर इतिहास खोटा होतो. माझ्या विद्यार्थ्याचा हात अडखळला तो येथेच, आणि तो अडखळला ही त्याच्या अभ्यासाची खूण आहे.

एक कसोटी लावून पाहावी. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. त्याचा कोणी पट मांडील का? आपल्यापैकी कोणालाच ते सहन होणार नाही. तेथे लढाई नव्हतीच, फक्त एका बाजूला संगिनी आणि दुसऱ्या बाजूला देवघर, माजघर आणि भेदरलेली माणसे होती. मग तिराहच्या नोव्हेंबरात याहून वेगळे काय होते? फरक एवढाच, की ती घरे आपली नव्हती. ज्याच्या पणजोबाचे घर त्या मोहिमेत जळाले त्याला शेजारी बसवून जो पट मांडता येईल, तोच मांडावा, असे मला वाटते. हीच कसोटी आपल्या विजयोत्सवांनाही लावायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचे एवढे ओझे कशाला? महाभारतही आपण रंगभूमीवर आणतो. खरे आहे. पण महाभारतात युद्धपर्वांनंतर स्त्रीपर्व येते. विजयानंतर रणांगणावर उतरलेला गांधारीचा आणि कुलस्त्रियांचा शोक व्यासांनी गाळला नाही. युद्धाची कथा सांगायची तर शोकही सांगायचा, हा आपल्या परंपरेने घालून दिलेला दंडक आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी कळवले, की खेळ सोडण्याचे कारण नाही. लाकडाच्या टेबलावर कोणी मरत नाही, आणि या छंदापायी तू जेवढे वाचलेस तेवढे अनेक पदवीधर वाचत नाहीत. मात्र खेळाला जेवढे लागते तेवढ्यावर अभ्यास थांबवू नकोस. पट मांडशील तेव्हा पटावर काय नाही हेही सोबत्यांना सांग: वीस हजार हमाल, बाविसावा माणूस, ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ते आफ्रिदी, आणि खिंड जिंकल्यानंतरचा हिवाळा. एवढे ऐकूनही ज्याला खेळावेसे वाटेल तो निदान डोळे उघडे ठेवून खेळेल.

आपल्या मुलांचे किल्ले या बाबतीत मोठ्यांच्या टेबलांपेक्षा शहाणे असतात. नीट पाहा, किल्ल्याच्या पायथ्याशी मूल नेहमी एक गाव वसवते. तेथे विहीर असते, डोक्यावर घागर घेतलेली गवळण असते, औत हाकणारा शेतकरी असतो. किल्ला कोणासाठी राखायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, तरी ते ठाऊक असते. युद्धाचा अभ्यास करणाऱ्याने, मग तो खेळासाठी असो की परीक्षेसाठी, आधी ते गाव शोधावे आणि त्या विहिरीचे पुढे काय झाले ते विचारावे.