‘एकच’चे माप

आतिथ्य या मूल्याचा विचार आपल्याकडे बहुधा अन्नाच्या संदर्भात होतो. ‘आणखी एक पोळी’ हा आग्रह स्नेहाचे चिन्ह मानला जातो आणि पाहुण्याचे ‘नको’ त्या संकेतव्यवस्थेत नकार म्हणून वाचलेच जात नाही. हा संकेत मद्याच्या पेल्यालाही लावता येईल काय?

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (प्रथम प्रयोग १९१९) या नाटकाचे शीर्षकच या प्रश्नाकडे निर्देश करते. ‘एक’ ही संख्या. ‘च’ तिला मर्यादा घालतो. परंतु आग्रह करणाऱ्याच्या तोंडी तोच ‘च’ ती मर्यादा क्षुल्लक ठरवतो. सनद गमावलेल्या सुधाकराला तळीराम पेला देऊ करतो, तेव्हा या दोन्ही अर्थांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, हे दिसते.

उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नप्रसंगी साखर-मसाला घालून गरम केलेले ‘खिमाड’ लहान पेल्यांतून दिले जाते. तेथे माप रूढीने ठरलेले असते. देणारा आणि घेणारा दोघेही ते जाणतात. याच प्रदेशातील बोळिंजमध्ये आज म्हाडाच्या उंच इमारती आहेत. तेथील एखाद्या दिवाणखान्यात यजमान मार्टिनी ढवळू लागला, तर त्या पेल्यामागे अशी कोणतीही रूढी नसते. प्रचलित कृतीनुसार तीत ६० मिलिलिटर जिन आणि १० मिलिलिटर ड्राय व्हरमूथ असते. म्हणजे ‘एकच’ मार्टिनीत दोन लहान पेग जिन आली. मद्यार्काच्या हिशेबाने ती साध्या बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीच्या दीडपटीहून अधिक भरते. थंडाव्यामुळे तिची तीव्रता जिभेला कमी जाणवते. दिसायला पारदर्शक असलेला हा पेला पिणाऱ्याला वाचता येत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, पाहुणा सज्ञान आहे. निवड त्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखालील परवानाही पिणाऱ्याच्याच नावे असतो. परंतु निवडीचे स्वातंत्र्य ज्ञानावर उभे असते आणि मापाचे ज्ञान येथे केवळ मिसळणाऱ्यापाशी आहे. शिवाय ज्या विवेकाने दुसरा पेला नाकारायचा, तोच विवेक पहिल्या पेल्याने मंदावलेला असतो. म्हणून पेल्यागणिक जबाबदारीचा भार पाहुण्याकडून यजमानाकडे सरकत जातो. पाहुण्याला रात्री स्वतः वाहन चालवत परतायचे असेल, तर या भारात रस्त्यावरील अनोळखी माणसाचा जीवही येतो.

यातून मद्यनिषेधाचा पुरस्कार निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते एवढेच की, या प्रसंगी आतिथ्याची कसोटी आग्रहात नसून मापाच्या सत्यकथनात आहे. पेल्यात काय आणि किती आहे ते न विचारता सांगणे, आणि ‘नको’ हे पूर्ण वाक्य आहे असे मानून पेला बाजूला ठेवणे, ही यजमानाची कर्तव्ये होत. ज्याला ती मान्य नाहीत, त्याने ‘एकच’ हा शब्द उच्चारू नये.