शाळा सुटल्यावरची मैत्री

स्वमग्नता, अतिचंचलता किंवा अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांची चर्चा बहुधा शाळेपाशीच थांबते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, सवलतीचं प्रमाणपत्र हे सगळं हवंच. पण अठराव्या वर्षी शाळा सुटली की सोबतीही सुटतात. रत्नागिरी जिल्ह्यात तर बरोबरीची बरीच मुलं नोकरीसाठी मुंबई गाठतात. गणपतीला चाकरमानी येतात, विचारपूस करतात आणि परततात. घरात माणसं असतात, मित्र नसतो.

रत्नागिरी शहरातल्या आविष्कार संस्थेने हा पेच ओळखला. तिच्या सविता कामत विद्यामंदिरात बौद्धिक अक्षमता असलेली मुलं शिकतात, तर श्यामराव भिडे कार्यशाळा प्रौढांसाठी आहे. अशा कार्यशाळेचं मोल विक्रीच्या आकड्यांवर करणं कोतेपणाचं ठरेल. शेजारी बसून पणती रंगवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, गप्पा सुचल्या नाहीत तरी कुणाचं अडत नाही. रंगाची वाटी न मागता पुढे सरकवली जाते, आणि ओळख तिथूनच वाढते.

स्वमग्न व्यक्तीला मैत्री जमत नाही, हा समज मोठा चिवट. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये त्याला वेगळीच बाजू दाखवली: न समजणं दुतर्फा असतं, दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या कानगोष्टींसारखा होता. आठ-आठ जणांच्या साखळीत एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. निव्वळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली.

कोकणातली वाडी अशा माणसाला सांभाळून घेते, हे खरं. त्याच वाडीत टिंगलही होते, हेही खरं. शिमग्यात पालखी दारात आली की ढोल-ताशांनी एखादा कान झाकून माजघरात पळतो. त्यालाच पालखी कुठल्या घरून कुठे जाणार हा क्रम तोंडपाठ असतो. त्याला ओढून अंगणात आणणाऱ्यांपेक्षा तो क्रम त्याला विचारणारा मुलगा मित्र होण्याच्या जवळ असतो.

1995 च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्यात एकवीस झाले, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आल्या. कायद्यात नाव आलं, तरी दूरच्या मंडणगडच्या तरुणाला रोज रत्नागिरीच्या कार्यशाळेत येणं शक्य नाही. त्याच्यासाठी वाडीतलं भजनी मंडळच जवळचं: ठरलेला वार, अभंगांचा ठरलेला क्रम, हातात टाळ, आणि पखवाजाचा आवाज सोसवेना तर पडवीत बसण्याची मुभा.