कुणाचं काय बिघडलं?

आमच्या आत्याच्या देवघरात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि हिंदी सिनेमातला एक जुना नट अशी स्थापना होती. पैकी पहिली तिघं गेल्या साठ वर्षांत तिच्याशी एक अक्षर बोललेली नाहीत. नटानं मात्र तिच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला फेसबुकवरून शुभेच्छा पाठवल्या. आत्यानं त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतल्या, फ्रेम केल्या आणि अन्नपूर्णेच्या शेजारी टेकवून ठेवल्या. नटाचं नाव मी लिहीत नाही. हल्ली नटांपेक्षा त्यांच्या वकिलांना जास्त काम असतं.

हा नट म्हणजे आमचा बंडू, हे मला दिवाळीत कळलं. बंडू माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, कुणाला सांगू नकोस हं," म्हणत त्यानं मोबाईल पुढे केला. वर नटाचा ऐन तारुण्यातला फोटो आणि खाली हजारो भाबडी माणसं.

"पैसेबिसे मागतोस का रे?" मी विचारलं. बी.कॉम. झालेला माणूस दुसरं काय विचारणार?

"छे! सकाळी गुड मॉर्निंग म्हणतो. वाढदिवस असला तर शुभेच्छा देतो. लोक खूष होतात. कुणाचं काय बिघडलं?"

आता तुम्ही म्हणाल, खरंच, काय बिघडलं? पण मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. नवरा आंघोळीला गेलाय म्हणून त्याची सही स्वतःच ठोकून आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पैसे पाचशे, तेही घरचेच आणि नवऱ्याचीही ना नाही. तरी मी नमुना सही पाहतो आणि स्लिप परत करतो. या कामी वीस वर्षांत मी जेवढे शाप खाल्ले, तेवढे दुर्वासानंही दिले नसतील. तत्त्व वगैरे काही नाही. सही जुळत नाही, एवढंच.

तरीही भाच्याला नुसतं "सही जुळत नाही" म्हणून कसं चालेल? म्हणून रविवारी कायद्याचं पुस्तक उघडलं. 1860 च्या भारतीय दंड विधानात तोतयेगिरीचं पहिलंच उदाहरण नामसाधर्म्याचा फायदा घेऊन श्रीमंत बँकर बनणाऱ्याचं आहे. बँक आणि श्रीमंती एका ओळीत आलेली मी तिथंच पाहिली. दुसरं उदाहरण मेलेल्या माणसाचं सोंग घेणाऱ्याचं. आमच्याकडे दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचं पटवायला रांग लावतात, त्यांची आठवण झाली. 1 जुलै 2024 पासून त्या विधानाची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, पण बँकर आणि मयत दोघंही आपापल्या जागी कायम आहेत. शिक्षा तेवढी तीन वर्षांवरून पाचावर गेली. शिवाय संगणक वापरून तोतयेगिरीनं ठकवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड आहेच. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड.

बंडू जरा पांढरा पडला. पण इंजिनिअरच तो! म्हणाला, "ठकवलं तर ना? मी कुठे कुणाला ठकवतोय?"

मुद्दा बरोबर होता. नुसतं दुसऱ्याचं नाव घेतलं म्हणून हे कलम लागत नाही. कुणीतरी फसून काहीतरी दिलं पाहिजे, किंवा एरवी केलं नसतं असं काही केलं पाहिजे आणि त्यातून त्याचं नुकसान झालं पाहिजे किंवा होण्याजोगं तरी पाहिजे. नुकसान कशाचं? शरीर, मन, लौकिक, मालमत्ता, असे चार शब्द तिथं आहेत.

"मन?" बंडू म्हणाला. "मन कसं काय मोजणार?"

तेही बरोबर होतं. मन आमच्या बँकेतही तारण म्हणून घेत नाहीत.

नटांचं वेगळंच. त्यांना स्वतःचंच पडलेलं असतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2022 मध्ये अमिताभ बच्चन यांच्या नावाला, चेहऱ्याला आणि आवाजाला संरक्षण दिलं. 2023 मध्ये अनिल कपूर यांचा 'झकास' आला आणि 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांचा 'भिडू'. हे सगळं दुसऱ्यानं त्यावर धंदा करू नये म्हणून. पण लहानपणी लंगडी खेळताना आम्ही किती भिडू फुकट वाटून घेतले, या विचारानं मला घाम फुटला. त्याच न्यायालयानं 2010 मध्ये दलेर मेहंदींच्या खटल्यात व्यंगचित्र आणि विडंबन यांचा गळा आवळू नये, असंही म्हटलं आहे. पण विडंबन म्हणजे काय? आमच्या गावी बहुरूपी यायचा. पोलीस होऊन दारात उभा राहायचा आणि आजोबांना अटक करायचा. आजोबा खोटंखोटं घाबरायचे. मग तो हसायचा, सलाम ठोकायचा आणि पायलीभर ज्वारी घेऊन जायचा. तो पोलीस नाही हे कुत्र्यालासुद्धा ठाऊक असायचं.

"तुझ्या या हजारोंपैकी किती जणांना ठाऊक आहे?" मी विचारलं. बंडू गप्प.

"आत्याचे निरोप दाखव."

त्यानं दाखवले नसते तर बरं झालं असतं. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार होते. मग गुडघा. मग आतोबांबरोबर पाहिलेला त्या नटाचा पहिला सिनेमा. मग संध्याकाळ फार लांबते, मुलगा-सून चांगली आहेत पण त्यांना वेळ नसतो, असं सगळं. शेवटी लिहिलं होतं, "हे घरात कुणाला बोलले नाही. तुम्ही परके म्हणून लिहिते."

"यावर तू काय लिहिलंस?"

"मला काही सुचेना," बंडू खाली बघत म्हणाला. "आईला विचारलं गुडघ्याला काय लावतात. मग लिहिलं, रोज रात्री कोमट एरंडेल चोळा."

आमची ही म्हणाली, "चालू दे की. म्हातारीला तेवढाच आधार." खरं सांगतो, दोन दिवस माझंही तेच मत होतं. नाहीतर खातं गुपचूप बंद करावं. पण मग आत्याला वाटणार, मी काही वावगं लिहिलं म्हणून ते रागावले.

त्या दोन रात्री मला सारखी पार्वतीबाई आठवत होती. 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण तिनं वैधव्य मानलं नाही. पुढे भाऊंचा तोतया निघाला, त्याच्यामागे फौज जमली आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं. बंडाचा सगळा हिशेब बखरींतून आणि पत्रांतून सापडतो. 'भाऊ आले' ही पहिली आवई कानावर आली तेव्हा त्या बाईच्या खात्याला काय जमा आणि काय नावे पडलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रविवारी बंडूला घेऊन आत्याकडे गेलो. मला शब्द सुचेनात, म्हणून मी कलम 66ड पासून सुरुवात केली. आत्या म्हणाली, "सरळ सांग रे, कुणाला अटक झालीय का?" मग बंडूनंच सांगितलं. तो रडेल असं मला वाटलं, पण रडला नाही. आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"म्हणजे एरंडेल तूच सांगितलंस?"

"हो, आत्याआजी."

"गुण आला होता रे," ती म्हणाली आणि पोहे भिजवायला आत गेली.

खातं त्याच रात्री बंद झालं. फ्रेम देवघरातून बाहेरच्या खोलीत आली. आत आता आतोबांचा फोटो आहे. बंडू दर शनिवारी संध्याकाळी जाऊन बसतो, पण ती त्याच्याशी सिनेमाबिनेमाचं काही बोलत नाही, अभ्यासाचंच विचारते. गुडघा पुन्हा धरलाय म्हणून परवा मी एरंडेलाची बाटली घेऊन गेलो.

"ठेव तिकडे," आत्या म्हणाली.