पुलाचा खर्च कोणी केला?

उत्तर पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळ, तामेगा नदीच्या काठी शाव्हिश नावाचं शहर आहे. तिथे जमिनीतून 73 अंश सेल्सिअसचं पाणी वर येतं. पेला भरला की हात पोळतो. फुंकर मारत घोट घ्यावा लागतो. या पाण्यापायीच रोमन लोक इथे रमले आणि सम्राट व्हेस्पासियनच्या घराण्यावरून गावाला ‘आक्वे फ्लाव्हिये’ म्हणू लागले. अलीकडे वाहनतळासाठी खोदकाम काढलं, तर त्यांची स्नानगृहंच हाती लागली. वाहनतळ बारगळला.

मला मात्र पाण्यापेक्षा पुलावरचे दोन दगडी खांब अधिक बोलके वाटतात.

पूल सम्राट ट्राजनच्या काळातला, 1900 वर्षांचा. बाराएक कमानी दिसतात. बाकीच्या काठावरच्या घरांखाली गाडल्या गेल्या आहेत. एका खांबावरच्या लॅटिन लेखात आधी ट्राजनची लांबलचक बिरुदावली येते. कोनशिलेची रीत जुनीच म्हणायची! अगदी शेवटी साधी नोंद आहे: हा दगडी पूल इथल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधवला. बस्स. कोणी किती वर्गणी दिली, कोण द्यायला कुरकुरलं, काही नाही.

दुसऱ्या खांबावरचा लेख पुलाहूनही जुना, इ.स. 79 चा. त्यात व्हेस्पासियन, त्याचा थोरला मुलगा टायटस, सुभेदार, सातवी पलटण आणि सर्वांत खाली आसपासच्या दहा जमाती: लिमिची, बिबाली, तामागानी वगैरे. वरच्या ओळींत एक जागा खरवडलेली आहे. ती धाकट्या मुलाच्या, डोमिशियनच्या नावाची, असं अभ्यासक मानतात. पुढे तोही सम्राट झाला. 96 साली त्याचा खून झाला आणि सिनेटने त्याचं नाव ठिकठिकाणच्या लेखांतून पुसायला सांगितलं. रोममधला राग इतक्या लांबच्या डोंगराळ कोपऱ्यात येऊन पोचला, आणि कोणीतरी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन कामाला लागला. त्याला लॅटिन वाचता येत होतं की नुसती जागा दाखवली होती, देव जाणे.

हे बिबाली कोण, काय खायचे, कोणत्या बोलीत भांडायचे, आज फारसं सांगता येत नाही. नाव तेवढं आहे. छिन्नी त्यांच्या ओळीपर्यंत आलीच नाही. खोडून टाकावं इतकं मोठं त्यांच्यातलं कोणी झालंच नव्हतं.