दरबारात जागा

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. औंढ्याला त्यांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळलं, ही आख्यायिका घरोघरी सांगतात. ती ऐकली की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ते पाळक झाले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

यावर वाद होणारच. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याची आज्ञा स्पष्ट आहे आणि पाळक म्हणून मी ती मानतो. पण योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईकडे विहिरीपाशी पाणी मागतो, तिच्याशी बोलतो आणि उपासना कुठे करावी हा जुना वाद मागे टाकतो. आधी तिचं कूळ विचारत नाही. टिळकांचा दरबार मला या अध्यायाच्या फार जवळचा वाटतो.

मंडळीतल्या बंधुभगिनींनो, येत्या रविवारी चर्चच्या दाराशी कुणी संकोचून उभं असेल, तर त्याला आधी आत बसायला जागा द्या.