क्लेमेंटे यांचे स्मरण आणि संतपदाचा प्रश्न

रॉबर्टो क्लेमेंटे हे पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे राइट फिल्डर. जन्म 18 ऑगस्ट 1934 रोजी पोर्तो रिकोतील कॅरोलिना येथे. 1955 ते 1972 अशी अठरा वर्षे ते याच एका संघाकडून खेळले. चार वेळा लीगमधील सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी, क्षेत्ररक्षणासाठी बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, 1966 मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू आणि 1971 च्या वर्ल्ड सीरिज या अजिंक्यपद मालिकेतही तोच मान, अशी त्यांची कामगिरी आहे. 30 सप्टेंबर 1972 रोजी त्यांनी कारकिर्दीतील तीन हजारावा हिट मारला. त्याआधी फक्त दहा खेळाडूंना हा टप्पा गाठता आला होता. नियमित सामन्यांच्या हिशेबात त्यांचा आकडा बरोबर 3000 वरच थांबला, कारण पुढचा मोसम पाहायला ते राहिले नाहीत.

23 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मेली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंटे पोर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून त्या देशात राहून आले होते. सान हुआनमध्ये त्यांनी मदत गोळा करायला सुरुवात केली. धान्य, कपडे, औषधे विमानाने रवाना झाली. पण हुकूमशहा सोमोसाच्या सैनिकांनी ती मधल्यामध्येच लाटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. आपण स्वतः सोबत असलो तर सामान अडवायला कोणी धजावणार नाही, या विचाराने 31 डिसेंबरच्या रात्री ते एका जुन्या डीसी-7 मालवाहू विमानात बसले. हे विमान महिन्याच्या सुरुवातीलाच धावपट्टीजवळ अपघातात सापडले होते आणि त्या रात्री त्यात मर्यादेपेक्षा सुमारे 1900 किलो जास्त माल होता. उड्डाणानंतर काही मिनिटांतच ते किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले. विमानातील पाचही जण गेले. क्लेमेंटे यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

यानंतर जे घडले त्याला केवळ चाहत्यांचा शोक म्हणणे अपुरे ठरते. नववर्षाच्या दिवशी लोक किनाऱ्यावर जमले आणि पुढेही कित्येक दिवस येत राहिले. 2 जानेवारीला होणाऱ्या नव्या गव्हर्नरच्या शपथविधीचे समारंभ रद्द झाले. पायरेट्सचे खेळाडू स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेसाठी पोर्तो रिकोला आले, पण क्लेमेंटे यांचे जिवलग मित्र, कॅचर मॅनी सँगिएन चर्चमध्ये गेलेच नाहीत. ते पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून मित्राचा देह शोधत राहिले. एकाच वेळी एका माणसासाठी आत प्रार्थना होत होती आणि बाहेर लाटांमध्ये त्याचा शोध चालू होता. ज्या परंपरेत संताची समाधी आणि अवशेष यांना एवढे महत्त्व आहे, तिथे देहच नसणे ही साधी गोष्ट नव्हे. बहुधा त्यामुळेच या स्मरणाला एकच एक ठिकाण मिळाले नाही. पिट्सबर्गमधील पुतळा, 1998 मध्ये त्यांचे नाव दिलेला पूल, जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीतील संग्रहालय, पायरेट्सच्या मैदानावरील उजव्या बाजूची 21 फूट उंच भिंत अशा अनेक जागांत ते विखुरले. 21 हा त्यांच्या पाठीवरचा आकडा.

हे स्मरण धार्मिक मानायचे का, या प्रश्नाचे उत्तर धर्माची कोणती व्याख्या घ्यायची यावर अवलंबून आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी 1912 मध्ये मांडलेली कल्पना घेतली तर उत्तर होकारार्थी येते. समाज ज्या वस्तू रोजच्या वापरातून बाजूला काढतो आणि निषेधांनी वेढतो त्या पवित्र, असे त्यांचे म्हणणे होते. पायरेट्सने 1973 मध्ये 21 क्रमांक निवृत्त केला; त्या संघात तो पुन्हा कोणी घालायचा नाही असे ठरले. एक साधा आकडा नेहमीच्या व्यवहारातून काढून वर ठेवला गेला. द्युर्केम यांना याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडले नसते.

कॅथलिक धर्मशास्त्राची मोजपट्टी मात्र वेगळी आहे. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मांडणीत फक्त ईश्वराला द्यायची आराधना आणि संतांना द्यायचा आदर या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. संताची पूजा होत नाही. त्याने आपल्यासाठी देवाकडे रदबदली करावी अशी विनंती त्याला केली जाते. मृत सामान्य माणसाच्या बाबतीत दिशा उलटी असते, तिथे जिवंत माणसे त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. क्लेमेंटे यांचे बहुसंख्य चाहते यांपैकी काहीच करत नाहीत. ते त्यांच्याकडे काही मागत नाहीत आणि त्यांच्यासाठीही काही मागत नाहीत. ते फक्त आठवतात आणि पुढच्या पिढीला सांगतात. त्या अर्थाने हे स्मरण उपासनेपेक्षा थोर पूर्वजांच्या सन्मानाशी अधिक जुळते.

तरीही काही चाहत्यांना एवढ्यावर थांबायचे नाही. क्लेमेंटे यांच्यावर चित्रपट काढणारे दिग्दर्शक रिचर्ड रॉसी यांनी त्यांना चर्चने अधिकृत संत घोषित करावे, अशी मोहीम चालवली. इथे प्रश्न भावनेचा राहत नाही, तो पुराव्याचा होतो. कॅथलिक चर्चची प्रक्रिया साधारण अशी आहे: मृत्यूनंतर किमान पाच वर्षे जावी लागतात, मग स्थानिक बिशप चौकशी सुरू करतो, लोकांमध्ये त्या व्यक्तीच्या पावित्र्याची ख्याती खरोखर आहे का हे पाहिले जाते, लेखन तपासले जाते, साक्षी नोंदवल्या जातात आणि पुढचा निर्णय रोममध्ये होतो. गंमत म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचाही पाच वर्षांचा नियम आहे; तिथे ही मुदत निवृत्तीपासून मोजतात. क्लेमेंटे यांच्यासाठी तो बाजूला ठेवून मार्च 1973 मध्ये खास मतदान झाले आणि 424 पैकी 393 मते त्यांना मिळाली. हॉलमध्ये प्रवेश मिळालेले ते पहिले लॅटिन अमेरिकी खेळाडू. रोमनेही असे अपवाद केले आहेत. मदर तेरेसा यांच्या बाबतीत पाच वर्षे वाट पाहिली गेली नाही. दोन्हीकडे मुदतीमागचा हेतू एकच, ताज्या दुःखाला निवाडा करू द्यायचा नाही.

संतपदाकडे जाण्याच्या जुन्या वाटा दोन होत्या. श्रद्धेसाठी पत्करलेले हौतात्म्य ही पहिली. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत घोषित झाले, ते याच वाटेने. असाधारण सद्गुणांनी जगलेले आयुष्य ही दुसरी. क्लेमेंटे यांना कोणी श्रद्धेच्या द्वेषातून मारले नव्हते, म्हणून पहिली वाट बंद. 11 जुलै 2017 रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिसरी वाट उघडली, ती दुसऱ्यांसाठी जीव अर्पण करणाऱ्यांची. वरकरणी ती क्लेमेंटे यांच्यासाठीच घडवल्यासारखी वाटते. पण तिच्या अटी कडक आहेत. जीव स्वेच्छेने आणि प्रेमापोटी दिलेला असावा, मृत्यू निश्चित आणि जवळ आहे हे ठाऊक असताना तो स्वीकारलेला असावा, अर्पण आणि अकाली मृत्यू यांचा थेट संबंध असावा. शिवाय आधीचे आयुष्य किमान सामान्य पातळीवर सद्गुणी असावे आणि एक चमत्कारही लागतो.

सगळे अडते ते दुसऱ्या अटीवर. क्लेमेंटे मरायला निघाले नव्हते. सामान योग्य हातांत देऊन परत यायचे, एवढाच त्यांचा बेत होता. विमान धोकादायक आहे हे त्यांना कळायला हवे होते, असा आक्षेप घेता येतो. पण धोका ओढवून घेणे आणि मृत्यू स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये नैतिक दैवाचा प्रश्न मांडला होता. माणसाच्या हातात नसलेल्या घटनांवरून आपण त्याची नैतिक किंमत ठरवावी का, असा तो प्रश्न. विमान सुखरूप उतरले असते तर क्लेमेंटे यांचा हेतू, धाडस आणि दया यांत तिळमात्र फरक पडला नसता. पण त्यांच्या नावाने पूल झाला नसता आणि संतपदाची मागणी तर नक्कीच झाली नसती. चाहत्यांच्या स्मरणात कृतीइतकाच तिचा शेवटही मोजला जातो, हे मान्य करावे लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. त्या विमानात आणखी चार माणसे होती. त्यांची नावे पिट्सबर्गच्या कोणत्याही पुलावर नाहीत. अपघातानंतर मृतांच्या कुटुंबीयांनी अमेरिकी सरकारच्या विमान वाहतूक विभागाविरुद्ध दावा केला. पहिल्या न्यायालयाने तो मान्य केला, पण 1977 मध्ये अपिलीय न्यायालयाने सरकारची जबाबदारी नाकारली. त्या रात्री जे काही घडले, ते पाचही जणांच्या बाबतीत सारखेच होते. निवडक स्मरणाचा हा दोष चाहत्यांचा आहे, क्लेमेंटे यांचा नव्हे. संतचरित्रांतही तो फार जुना आहे. जहाज बुडाले की कथेत संत तेवढा उरतो आणि खलाशी विसरले जातात.

मरणाने माणूस गुळगुळीतही होतो. हयातीत क्लेमेंटे यांच्याविषयी कुरकुर पुष्कळ होती. दुखण्याचे सोंग करतात, असे वार्ताहर लिहीत. त्यांचे इंग्रजी मोडक्या उच्चारांसह छापून त्यांची थट्टा करत, आणि त्यांना न आवडणारे "बॉब" हे नाव बेसबॉल कार्डांवर येत राही. 1960 च्या मौल्यवान खेळाडूच्या मतदानात आठवा क्रमांक आला, याचा राग त्यांनी वर्षानुवर्षे मनात ठेवला. पण 1971 ची वर्ल्ड सीरिज जिंकल्यावर थेट प्रक्षेपणात त्यांनी आधी स्पॅनिशमध्ये बोलून आईवडिलांचे आशीर्वाद मागितले, आणि लाखो लॅटिन अमेरिकी घरांत तो क्षण त्यांच्या फटक्यांपेक्षा खोल रुजला. अभिमान, चीड आणि ओलावा एकाच माणसात होते. संत होण्यासाठी राग नसावा असे धर्मशास्त्र म्हणत नाही. तो अन्यायाविरुद्ध आहे की स्वतःपुरता, एवढे ते विचारते. या बाबतीत क्लेमेंटे यांचा राग बऱ्याच अंशी पहिल्या प्रकारचा होता. काळ्या आणि स्पॅनिशभाषक खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीवर ते उघड बोलत.

चमत्काराबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. काही दावे झाले, पण ते लोकांच्या श्रद्धेपलीकडे गेले नाहीत. चर्चने क्लेमेंटे यांना संत घोषित केलेले नाही. मान्यतेपूर्वी कोणाचीही सार्वजनिक उपासना सुरू करू नये, हा पोप अर्बन आठवे यांनी 1634 मध्ये पक्का केलेला नियम आजही लागू आहे. उतावीळ भक्त आपल्याच उमेदवाराच्या वाटेत अडथळा आणतात, असा त्याचा व्यवहारी परिणाम.

बेसबॉलमध्ये स्मरणाचा अधिक ठोस मार्ग निघाला. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला 1971 पासून दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला 1973 पासून रॉबर्टो क्लेमेंटे यांचे नाव आहे. लीगमधील तीसही संघ दरवर्षी त्यासाठी आपला एक खेळाडू सुचवतात. मुलांसाठी मोठे क्रीडानगर उभारावे हे क्लेमेंटे यांचे स्वतःचे स्वप्न होते. त्यांच्या मृत्यूनंतर कॅरोलिनात सुमारे 300 एकरांवर ते उभे राहिले, तिथून अनेक खेळाडू पुढे आले आणि नंतरच्या दशकांत देखभालीअभावी त्याची दुरवस्था झाली. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत तोडणारे जॅकी रॉबिन्सन यांचा 42 क्रमांक 1997 मध्ये संपूर्ण लीगने निवृत्त केला. 21 बद्दल तीच मागणी पोर्तो रिकोतील चाहते अनेक वर्षे करत आहेत. 9 सप्टेंबर 2020 रोजी पायरेट्सच्या सर्व खेळाडूंनी एका सामन्यापुरता तो अंगावर घातला.